झुंजार मासा

थायलंड देशातील भातखाचरांच्या उथळ, संथ पाण्यात बेट्टा नावाचा मासा राहतो. तो जेमतेम बोटाएवढा असतो. पण २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

नर बेट्टा पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो. मादीने घातलेली अंडी तो तोंडाने उचलून त्यात ठेवतो व त्यांची डोळ्यांत तेल घालून राखण करतो. अशा वेळी दुसरा नर जवळ आला, की तो कल्ल्यांवरील झाकणे फुलवितो, पर पसरतो आणि त्याचा रंग गडद होतो. त्यामुळे तो आहे त्याहून मोठा भासतो. हा आवेश पाहूनच पुष्कळदा परका नर माघार घेतो. झुंज जुंपलीच, तर हरलेला मासा पर मिटून पाणगवतात निसटतो.

परंतु माणसाने दोन नर एकाच बरणीत ठेवले, तर हरलेल्याने पळावे कोठे? त्याचे पर फाटतात, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून दोन नर वेगवेगळे ठेवावेत. मिटलेले पर आणि फिका पडलेला रंग ही त्याच्या भयाची खूण होय. मुक्या जीवाची ही भाषा पाळणाऱ्याला समजली पाहिजे.