एका नटासाठी एक पाना

दशरथाच्या रथाची गोष्ट आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेली आहे. ऐन युद्धात रथाच्या आसाची खीळ निसटली आणि कैकेयीने त्या जागी आपले बोट घातले. कोणी बोट सांगतो, कोणी हात. त्या मोबदल्यात मिळालेल्या दोन वरांनी पुढे केवढे रामायण घडले, हे सांगायला नको. चाक आसावर धरून ठेवणारी वस्तू छोटी असते. पण ती ऐनवेळी नसली, तर तिची किंमत किती मोठी होते, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे हिंगोलीच्या परिसरात गेली. तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. कर्जाच्या चौकशीसाठी खेड्यांत फिरताना घिसाडी आणि लोहार मंडळी लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना मी अनेकदा पाहिली. गोवऱ्यांच्या जाळात धाव लालबुंद तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते आणि चाक असे आवळले जाते की वर्षानुवर्षे सुटत नाही. पुढे हौशी लोकांच्या जुन्या मोटारी पाहण्याचा योग आला, तेव्हा बैलगाडी आणि मोटार यांचे नाते मला वाटले होते त्याहून जवळचे निघाले.

आपल्या साध्या मोटारीचे चाक चार-पाच नटबोल्टांनी बसवलेले असते. जुन्या विलायती स्पोर्ट्‌स मोटारींचे तसे नाही. जॅग्वार, एमजी, ऑस्टिन-हीली या गाड्यांची तारांच्या आऱ्यांची चाके मधोमध एकाच मोठ्या नटाने धरलेली असत. बैलगाडीच्या आसाला एक खीळ, तसा इथे एक नट. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडच्या रज-व्हिटवर्थ या सायकली बनवणाऱ्या कंपनीने ही पद्धत रूढ केली. शर्यतीत चाक झटपट बदलता यावे, हा हेतू. नटाला दोन किंवा तीन पंख असत. त्यांवर हातोडीचे ठोके दिले की नट सुटे, उलट बाजूने दिले की घट्ट होई. हातोडी मात्र पोलादाची चालत नसे. तांब्याची, शिशाची किंवा कच्च्या चामड्याचे तोंड असलेली हातोडी वापरायची, म्हणजे घाव हातोडी सोसते आणि नट शाबूत राहतो.

यात आणखी एक गंमत आहे. गाडीच्या डाव्या बाजूच्या नटाला सरळ आटे असतात आणि उजव्या बाजूच्या नटाला उलटे. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ज्याने कधी सायकल खोलली आहे त्याला माहीत असेल. कारण साधारण तेच. चाक पुढे धावताना नट किंचित मागे सरकू पाहतो, आणि आटे असे कापलेले असतात की मागे सरकणे म्हणजे घट्ट होणे. म्हणूनच दुरुस्तीत डावा-उजवा भाग चुकून बदलला गेला, तर तोच नट धावत्या गाडीत सैल होत जातो. घरची मंडळी गाडीत बसलेली असताना चाक निसटणे म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी.

पुढे अमेरिकेने नियम केला, की चाकाबाहेर आलेले असे पंख रस्त्यावरच्या माणसाला लागू शकतात, म्हणून ते नकोत. हा नियम १९६८ पासून लागू झाला आणि १९९६ मध्ये मागे घेतला गेला. पण मधल्या काळात कारखान्यांनी पंख काढून टाकले. एमजी-बी गाडीला अष्टकोनी नट आला, आणि तो फिरवायला तेवढ्याच कामाचा एक खास पाना. बाजारातला दुसरा कोणताही पाना त्याला बसत नाही.

गाडी हातोहात विकली जाते, नातवंडांपर्यंत पोहोचते. पाना मात्र पहिल्या-दुसऱ्या मालकाच्या गॅरेजमध्येच राहून जातो. आपल्याकडे कित्येक वर्षे परदेशी मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्या काळात या गाड्या जगवल्या त्या मुंबईच्या चोरबाजाराने आणि गल्लीबोळांतल्या मिस्त्रींनी. आज पाना विलायतेहून मागवता येतो. पण पन्नास वर्षे चुकीच्या हत्यारांचे घाव खाल्लेल्या नटाचे कोपरे झिजलेले असतात. मूळ मापाचा नवा पाना त्यावरून घसरतो आणि उरलेले कोपरेही खातो.

पुण्यातल्या माझ्या एका स्नेह्यांच्या एमजी-बीची अडचण नेमकी हीच होती. मी पत्र्यावर नटाचा छाप काढून घेतला आणि हिंगोलीला नेला. तिथे हळदीच्या पॉलिशच्या ड्रमची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची कामे करणारे सत्तरीचे एक लेथवाले मामा आहेत. गाडी कोणती, कुठली, हे सांगायला लागलो तर त्यांनी मला थांबवले. ‘‘साहेब, नट कोन्या देशाचा हाये ते मला काय करायचं? माप द्या.’’

जाड पोलादी पाटीला त्यांनी आधी लेथवर गोल भोक पाडले. नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधल्या अंतरापेक्षा केसभर लहान. मग दोन संध्याकाळी कानस घेऊन आठही कोपरे हाताने काढले. मी विचारले, मशीनवर होत नाही का? ‘‘लेथ गोल करतं साहेब. कोपरे हातानंच काढावे लागतात.’’ नटाचा मुलामा खरवडू नये म्हणून आतून तांब्याचा पातळ पत्रा बसवला आणि दोन हात लांब पाइपाची मूठ जोडली. झिजलेल्या नटावर तो पाना टोपीसारखा बसला.

पंखांच्या नटासाठी याहून सोपा उपाय आहे. जाड लाकडी फळीत पंखांच्या आकाराची खाच कोरायची आणि फळीचे लांब टोक तरफेसारखे दाबायचे. विलायतेतही अशी लाकडी हत्यारे वापरतात. आमच्याकडे बाभूळ आहे, आणि बाभळीचे लाकूड घाव कसा सोसते हे मराठवाड्यातल्या सुताराला शिकवावे लागत नाही.

बँकेत होतो तेव्हा १९७२ पासूनची चार टक्के व्याजाची योजना होती, १९८० पासून सर्व तालुक्यांत आलेली एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना होती. अर्जात जमिनीचा रकाना होता, जनावरांचा होता, तारणाचा होता. कोपरे काढणाऱ्या हाताचा रकाना मात्र कुठेच नव्हता. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे नेमक्या आमच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत लोहार-सुतारांबरोबर हातोडी आणि अवजारे बनवणाराही आहे. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख रुपये, तेही विनातारण. रकाना अखेर आला, याचा मला आनंद आहे. पण मामांचा मुलगा शहरात नोकरीला आहे आणि त्यांच्या लेथवर शिकायला आज कोणी उभे नाही. कर्जाने लेथ येतो. कानस कुठे थांबवायची ते कर्जाने येत नाही.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीचे वेगळे नियम केले. गाड्यांची कागदपत्रे आता नीट राहतील. पान्यांचेही काही व्हावे. ज्याच्या घरी अशी गाडी आहे, त्याने आपल्या पान्याचे माप कागदावर काढून गाडीच्या कागदांत ठेवावे, आणि तो ज्याने बनवला त्याचे नाव-गाव खाली लिहावे. नट आवळल्यावर थोडे अंतर गाडी चालवून तो पुन्हा तपासावा. आणि ज्याच्या गल्लीत असे एखादे लेथवाले मामा आहेत, त्याने सुट्टीत घरच्या पोराला दोन संध्याकाळी त्यांच्या शेजारी उभे करावे. पोरगा लेथ चालवणार नाही कदाचित. पण लेथ गोल करतो आणि कोपरे हाताने काढावे लागतात, एवढे तरी त्याला कळेल.