मूत्राशय आणि मज्जासंस्था

जबलपूर शहराच्या दक्षिणेस, नर्मदेच्या उत्तर तीरावर ग्वारीघाट आहे. माघ शुद्ध सप्तमीस, म्हणजे नर्मदा जयंतीच्या दिवशी, तेथे पहाटेपासून स्नानार्थींची दाटी होते. गार पाण्यात छातीपर्यंत उभ्या राहिलेल्या मनुष्यास थोड्याच वेळात लघवीची भावना होते, हा पुष्कळांच्या अनुभवातील प्रकार आहे. त्याचे कारण नुसती थंडी नव्हे. पाण्याच्या दाबाने पायांतील व पोटातील रक्त छातीकडे लोटले जाते व हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीरात द्रव फाजील झाला आहे, असा संकेत त्यातून निघतो आणि मूत्रपिंडे अधिक पाणी गाळू लागतात. थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे या परिणामात भर पडते. तथापि भावना होऊनही तो मनुष्य पायऱ्या चढून आडोशाची जागा मिळेपर्यंत थांबू शकतो. हे थांबणे दिसते तितके साधे नाही. त्यासाठी मेंदूच्या पुढील भागापासून पाठीच्या कण्याच्या शेवटापर्यंत मज्जातंतूंची अखंड वाट शाबूत असावी लागते.

मूत्रपिंडांत तयार होणारे मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात थेंबाथेंबाने उतरते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी होय. प्रौढ मनुष्यात तीत सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. १५० ते २०० मिलिलिटर साठल्यावर पहिली जाणीव होते. पिशवीच्या तोंडाशी दोन बंध आहेत. आतला बंध अनैच्छिक स्नायूचा, तर बाहेरचा ऐच्छिक स्नायूचा असून तो मनुष्याच्या इच्छेने आवळता येतो.

पिशवी भरत असताना भिंत ताणली जाते. हा ताण ओळखणारे एक प्रथिन, पीझो–२, मूत्राशयात कार्य करते असे २०२० साली सिद्ध झाले. या प्रथिनाचा शोध लावणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक (डेव्हिड ज्यूलियस यांच्यासह) मिळाले. जन्मतःच हे प्रथिन नसलेल्या काही व्यक्तींना मूत्राशय भरल्याचे नीटसे कळत नाही. त्यांना घड्याळ पाहून लघवीस जावे लागते.

ताणाची वार्ता मज्जारज्जूत पोहोचली की, कण्याच्या छातीच्या शेवटच्या व कमरेच्या वरच्या भागातून निघणारे अनुकंपी मज्जातंतू पिशवीची भिंत सैल ठेवतात आणि आतला बंध आवळतात. त्याच वेळी मज्जारज्जूच्या त्रिक भागातून येणारे तंतू बाहेरचा बंध आवळून धरतात. दिवसाचा बहुतेक काळ हीच स्थिती असते. रिकामे करण्याची वेळ आली म्हणजे सारा व्यवहार उलटतो: त्रिक भागातीलच परानुकंपी तंतू भिंतीचे आकुंचन घडवितात आणि दोन्ही बंध सैल पडतात. आकुंचन व शैथिल्य एकाच वेळी झाले पाहिजे. दार बंद ठेवून आतून ढकलण्यात काय अर्थ?

हा मेळ घालणारे केंद्र मस्तिष्कस्तंभातील सेतू नामक भागात आहे. लंडनचे बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांनी ते दाखवून दिले. या केंद्रावर मेंदूच्या पुढील भागाचा अंकुश असतो. तान्ह्या मुलात तो अंकुश अजून बसलेला नसतो. म्हणून पिशवी भरली की ती आपोआप रिकामी होते. साधारणतः दोन ते चार वर्षांच्या वयात मूल दिवसा ताबा मिळविते. रात्रीचा ताबा पुष्कळदा मागाहून येतो. त्यासाठी मुलास मारणे केवळ निरर्थक नव्हे, तर अपायकारक आहे.

आता ही वाट तुटल्यास काय होते ते पाहावयाचे. नदीघाटांवर याचे एक भीषण कारण नेहमीच हजर असते. पाण्याखाली पायरी वा खडक आहे हे न जाणता पोहणारा डोक्याकडून सूर मारतो आणि मानेचा पाचवा किंवा सहावा मणका मोडतो. नर्मदेची पातळी ऋतूप्रमाणे बदलते, शिवाय वर बरगी धरण असल्याने पाणी सोडण्या-थांबविण्यावरही ती अवलंबून असते. काल खोल असलेली जागा आज उथळ असू शकते. अशा जखमीस मान वाकवून, हातपाय धरून उचलणे म्हणजे उरलासुरला मज्जारज्जूही तोडणे होय. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून त्यास फळीवर घ्यावे.

इजेनंतर प्रथम दिवस-आठवडे मज्जारज्जू जणू बधिर असतो. मूत्राशय भरत राहतो, जाणीव होत नाही, आकुंचन होत नाही. शेवटी मूत्र ओसंडून थेंब थेंब गळते. पाहणाऱ्यास वाटते की लघवी होते आहे. वस्तुतः पिशवी तुडुंब असते. पुढे खालच्या भागातील प्रतिक्षिप्त क्रिया परत येते. परंतु सेतूचा मेळ तुटलेला असल्याने भिंत आकुंचते तेव्हाच बाहेरचा बंधही आवळतो. आत दाब वाढतो, मूत्र उलटे मूत्रपिंडांकडे रेटले जाते, जंतुसंसर्ग होतो. पहिल्या महायुद्धातील कण्याच्या जखमींपैकी पुष्कळजण या कारणानेच दगावले. इजा कण्याच्या अगदी खालच्या भागास झाली तर प्रकार निराळा: मूत्राशय कायमचा लुळा पडतो.

अपघाताखेरीज इतरही कारणे आहेत. मणक्यांचा क्षय हे भारतात आजही दुर्लक्षून चालणार नाही असे कारण आहे. जुन्या मधुमेहात संवेदी तंतू झिजून भरल्याची जाणीवच मंदावते. अर्धांगवायूत व कंपवातात मेंदूचा अंकुश ढिला पडतो आणि लघवीची घाई होते. काही मुलांचा कणा जन्मतःच दुभंगलेला असतो; गर्भधारणेपूर्वीपासून मातेने फॉलिक आम्ल घेतल्यास हा दोष पुष्कळ अंशी टळतो. शिवास वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्याचे विष परानुकंपी तंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे लघवी कोंडते. सर्दीवरील काही औषधेही वृद्धांत असाच त्रास देतात. उतारवयातील पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून होणारा अडथळा मात्र मज्जातंतूंचा नव्हे, मार्गाचा असतो.

उपचारांची दिशा पालटली ती १९४४ साली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुटविग गुट्मान यांनी कण्याच्या जखमींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला व मूत्राशयाच्या निगेस अग्रस्थान दिले. भारतात जखमी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ साली पुनर्वसन केंद्र निघाले. अमेरिकेतील जॅक लॅपिडेस यांनी १९७२ साली दाखविले की, दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून मूत्राशय रिकामा करताना संपूर्ण निर्जंतुक साधने लागत नाहीत. स्वच्छ नळी व स्वच्छ धुतलेले हात पुरेसे होतात. त्यामागील त्यांचा विचार असा की, तुडुंब ताणलेल्या भिंतीत रक्त खेळत नाही आणि जंतूंना थारा मिळतो. वेळच्या वेळी रिकामा केलेला मूत्राशय त्यांना पुरा पडतो. बहुतेकांना दर चार ते सहा तासांनी हे करावे लागते. हाताची बोटे चालत असतील तर रुग्ण ही कृती स्वतः शिकतो आणि काही मिनिटांत, घरी वा प्रवासातही, उरकतो. बोटे चालत नसतील तेथे घरातील माणूस ती शिकून घेतो.