ख्मेली सुनेली: झेंडू घातलेला मसाला

जॉर्जियाच्या ख्मेली सुनेली मसाल्यात धने, शेपू, बेसिल, तमालपत्र अशी मंडळी असतात. शिवाय वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या! हो, खायच्या. तिकडे त्यांना इमेरेतीचं केशर म्हणतात. पण मसाल्याचा खरा जीव निळ्या फुलांच्या मेथीत. ती आपल्या मेथीपेक्षा सौम्य, कडवटपणा कमी. प्रमाण घरोघरी वेगळं, त्यामुळे 'अस्सल' पाकिटाच्या नादी फार लागू नये. बीफ, तांदूळ, अक्रोड यांच्या आंबटसर खारचो सूपमध्ये तो हवाच. आपल्याकडे करून बघायला लोबिओ सोपं: शिजलेला राजमा थोडा ठेचायचा, परतलेला कांदा, लसूण, अक्रोडाचं कूट, कोथिंबीर आणि चमचाभर मसाला. मसाला फोडणीत टाकू नका, वाळलेली पानं लगेच करपतात. उकळी येताना घाला.