कॅमेऱ्यात उजेड शिरतो कोठून?

माझ्या मामांच्या ट्रंकेत एक घडीचा कॅमेरा सापडला. बटण दाबले की पुढचे झाकण उघडते, भाता बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला भिंग उभे राहते, अशा जातीचा. भिंग स्वच्छ होते, शटरही चालत होते. मोठ्या हौसेने रोल भरला आणि आजीचे बारा फोटो काढले. रोल धुऊन आला, तेव्हा बहुतेक फोटोंत आजीच्या चेहऱ्यावरून एक पांढुरका पट्टा गेलेला! आजीचे वय ९२. 'पुन्हा केव्हातरी काढू' म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हती.

अनुभवी मंडळींनी एकमुखाने सांगितले, "मागचे दार नीट बसत नसेल." दाराच्या फटीवर चहूकडून काळी चिकटपट्टी लावली आणि दुसरा रोल घातला. पट्टा जागच्या जागी! चूक माझीच होती. सल्ला विचारण्याआधी मी निगेटिव्ह पाहायला हवी होती.

विद्यार्थी मित्रांनो, अशा कॅमेऱ्यात '१२०' क्रमांकाची फिल्म लागते. कोडॅक कंपनीने ती १९०१ साली बाजारात आणली आणि ती आजही तयार होते. सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीची ही फिल्म एका अपारदर्शक कागदासह रिळावर गुंडाळलेली असते. कॅमेऱ्यात ती धातूच्या एका चौकटीमागून सरकते. चौकटीतून जेवढी फिल्म उघडी राहते, तेवढ्याच भागावर चित्र उमटते. कडेच्या पट्ट्या चौकटीच्या काठाखाली झाकलेल्या असतात, म्हणून निगेटिव्हवर त्या कोऱ्या राहतात.

आता विचार करा. नको तो उजेड फिल्मवर पडला, की निगेटिव्हवर काळा डाग उमटतो आणि प्रिंटवर तो पांढरा दिसतो. हा काळा डाग कोऱ्या पट्टीवरही पसरला असेल, तर तो उजेड चौकटीतून आलेला नाही. तो मागच्या दारातून, बिजागरीतून किंवा सैल गुंडाळलेल्या रिळाच्या कडेने शिरला आहे. पण डाग चित्राच्या सीमेवर सुरीने कापल्यासारखा थांबला असेल, तर उजेड चित्राच्याच वाटेने, म्हणजे पुढून आला. मग संशय दोघांवरच उरतो: भाता आणि शटर. माझ्या निगेटिव्हवरचे सगळे डाग सीमेवर थांबलेले होते. दाराला लावलेली चिकटपट्टी फुकट गेली होती.

निगेटिव्ह आणखीही काही सांगत होती. पाचवा आणि सहावा फोटो लागोपाठ काढलेले होते; त्यांत पट्टा जवळजवळ नव्हता. आठवा काढला, फिल्म पुढे न सरकवता कॅमेरा उघडाच ओसरीवर ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. सर्वांत गडद डाग त्याच फोटोत होता!

एवढेसे छिद्र इतका गोंधळ घालील, यावर विश्वास बसत नाही. म्हणून थोडे गणित करू. भर उन्हात फोटो काढताना भिंगाचे छिद्र समजा ५ मिलिमीटर व्यासाचे आहे आणि शटर १/१२५ सेकंद उघडते. भात्याला पाव मिलिमीटरचे छिद्र पडले आहे. व्यास २० पट लहान, म्हणजे क्षेत्रफळ ४०० पट लहान. फिल्मवर तितकाच उजेड पडायला ४०० पट वेळ लागेल: ४०० भागिले १२५, म्हणजे सव्वातीन सेकंद. हिशेब ढोबळ आहे, पण आमचे जेवण सव्वातीन सेकंदांत उरकले नव्हते, एवढे खरे. डोळा क्षणाक्षणाचे पाहतो. फिल्म मात्र पडलेला उजेड साठवत राहते.

जाता जाता पाठीमागच्या लाल खिडकीविषयी. कागदावरचे आकडे पाहण्यासाठी ती असते. जुन्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे, म्हणून काच लाल. आजच्या बहुतेक फिल्मवर तो होतो; तेव्हा खिडकीला झाकण नसेल तर आकडा पाहून झाल्यावर ती काळ्या पट्टीने झाकावी.

छिद्र शोधण्याचा प्रयोग सोपा आहे. कॅमेरा रिकामा करा. रात्री खोलीत पूर्ण अंधार करून पंधरा-वीस मिनिटे बसा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. मग मागच्या दारातून भात्यात छोटी बॅटरी लावा आणि भाता बाहेरून सर्व बाजूंनी न्याहाळा. घड्यांचे कोपरे विशेष पाहा, कारण दर उघडझाकीला कातडे तेथेच दुमडते. मला वरच्या एका कोपऱ्यात दोन ठिपके ताऱ्यांसारखे चमकताना दिसले. काळा ॲक्रिलिक रंग थोड्या फेव्हिकॉलमध्ये कालवून त्यांवर लावला. रंग पुरता वाळेपर्यंत भाता मिटायचा नाही, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात. मी रात्रभर तो उघडाच ठेवला.

तिसऱ्या रोलचा पहिला फोटो मी काढलाच नाही. भिंगावर टोपण घातले आणि शटर न दाबता कॅमेरा दहा मिनिटे उन्हात ठेवला. टोपणामुळे शटरवरचा संशय बाद झाला. आता डाग उमटला तर तो भात्याचाच. दुरुस्ती फसली असेल, तर आजीला तिसऱ्यांदा बसवणे नको, म्हणून पुढचे अकरा फोटो काढताना भात्यावर दुहेरी काळे कापड टाकले. "कॅमेऱ्याला थंडी वाजते का रे?" आजीने विचारले. त्या फोटोत ती हसते आहे.

अकराही फोटो स्वच्छ आले. पहिल्या चौकटीत मात्र, अगदी कडेला, एक फिकट करडा डाग आहे. म्हणजे भात्याला आणखी एक छिद्र आहे आणि ते मला अजून सापडलेले नाही.