आसऱ्याचे पठार

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीच्या पठारावर, ल शाँबाँ-स्युर-लिन्यों नावाचे गाव आहे. हिवाळा लांबलचक, बर्फ भरपूर, शेती बेताची. दुसऱ्या महायुद्धात या गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी काही हजार निर्वासितांना सांभाळले. त्यांत बहुसंख्य ज्यू होते, आणि मुलांचा भरणा मोठा होता.

हे बळ एका दिवसात आलेले नव्हते. इथले बहुतेक लोक प्रॉटेस्टंट. चौदाव्या लुईने 1685 साली त्यांच्या पूर्वजांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि पुढची शंभर वर्षे त्यांनी रानावनात चोरून उपासना केली. पळून आलेल्याला लपवायचे आणि सरकारी माणसापुढे तोंड उघडायचे नाही, हे घराघरात ठाऊक होते. दुसरे कारण व्यवहारातले. शहरातल्या अशक्त मुलांना इथल्या चांगल्या हवेत आणून ठेवण्याची पद्धत जुनी होती. त्यामुळे गावात निवासगृहे होती, शेतकऱ्यांना परकी पोरे घरात ठेवण्याची सवय होती, आणि नवा चेहरा दिसला तरी कोणाला नवल वाटत नसे.

आंद्रे त्रोक्मे 1934 मध्ये इथे पाळक म्हणून आले. चार वर्षांनी त्यांनी एदुआर तेइस या सहकारी पाळकासोबत शाळा काढली. जून 1940 मध्ये फ्रान्सने जर्मनीशी युद्धविरामाचा करार केला. दुसऱ्याच दिवशी, 23 तारखेच्या रविवारी, दोघांनी मंडळीला सांगितले की सत्तेचा हुकूम ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध असेल तर तो मानायचा नाही. मात्र मनात द्वेषही धरायचा नाही.

प्रवचन ऐकून लोक घरी गेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्रोक्मेंनी तरुणांचे बायबल अभ्यासगट बांधले होते. गटप्रमुख पाळकांकडे जमत आणि मग आपापल्या वस्तीवर अभ्यास घेत. पुढे याच वाटेने निरोपही जाऊ लागले: कोणाकडे जागा आहे, कोणाला हलवायचे आहे.

त्या पहिल्या हिवाळ्यात जर्मनीतून निसटलेली एक ज्यू बाई पाळकांच्या दाराशी आली. माग्दा त्रोक्मेंनी तिला आत घेऊन जेवू घातले आणि कागदपत्रांसाठी त्या सरळ महापौरांकडे गेल्या. महापौरांनी साफ नकार दिला; बाईला पुढे धाडावे लागले. या अनुभवानंतर माग्दांनी अधिकाऱ्यांना विचारायचे सोडून दिले.

मग कामाला शिस्त आली. क्वेकर आणि स्विस संस्थांच्या पैशातून मुलांची वसतिगृहे चालली. फ्रान्समधल्याच गुर्स आणि रिव्हसाल्त या नजरकैदेच्या छावण्यांतून सोडवलेली मुले तिथे आली. डॉक्टर होण्याची इच्छा असलेला, पण ज्यू म्हणून शिक्षणाचे दार बंद झालेला ओस्कार रोसोव्स्की हा अठरा वर्षांचा मुलगा खोटी ओळखपत्रे तयार करी. त्यासाठी लागणारे साहित्य एका शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत दडवलेले असे. काहींना गुपचूप स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत पोहोचवले गेले.

1942 च्या उन्हाळ्यात पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि त्यांनी ज्यूंची यादी मागितली. त्रोक्मेंनी ती दिली नाही. पोलिसांनी पठार पिंजून काढले, पण हाती जवळजवळ काहीच लागले नाही. फेब्रुवारी 1943 मध्ये त्रोक्मे, तेइस आणि शाळाप्रमुख रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. न्यायला आलेल्या पोलिसांना माग्दांनी आधी जेवायला बसवले! महिन्याभराने, सुटका हवी तर फ्रान्सचे तत्कालीन सत्ताप्रमुख मार्शल पेताँ यांच्या आज्ञा पाळण्याच्या हमीवर सही करा, अशी अट घातली गेली. दोन्ही पाळकांनी सही केली नाही. तरी ते सुटले.

सगळे सुटले नाहीत. जून 1943 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, 'मेझों दे रोश' या विद्यार्थी वसतिगृहावर छापा घातला. तिथली मुले आणि त्यांचा प्रमुख, त्रोक्मेंचा नातेवाईक दानिएल, पकडला गेला. 1944 मध्ये मायदानेकच्या छळछावणीत त्याचा मृत्यू झाला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांनाही त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या.

सारे श्रेय पाळकांना देऊन मोकळे होणे चूक ठरेल. दूध, बटाटे आणि अंथरूण पुरवणारे शेतकरी, शिक्षक, वसतिगृहे चालवणाऱ्या बायका आणि शेजारच्या गावांतले कॅथलिकही यात होते. म्हणूनच इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारकसंस्थेने 1990 मध्ये एकट्यादुकट्याचा नव्हे, तर साऱ्या गावाचा आणि परिसराचा गौरव केला. लहानपणी व्हिएन्नाहून कुटुंबासह इथे आलेले एरिक श्वाम डिसेंबर 2020 मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. मृत्युपत्रात त्यांनी सुमारे 20 लाख युरो या गावाच्या नावे ठेवले आणि ती रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी वापरावी, अशी इच्छा नोंदवली.