उमेदवाराची यादी आणि वस्तीचा केसपेपर

निवडणूक जवळ आली की वस्तीत पत्रके येऊ लागतात. वर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आणि खाली कामांची यादी : स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, ओपन जिम, सुशोभीकरण. यातले एकही काम वाईट नाही. पण दवाखान्यात आणि वस्तीत वर्षानुवर्षे काम केलेल्या आम्ही बायका ती यादी केसपेपर वाचावा तशी वाचतो. पावसाळ्यात आपल्या घरातली माणसे कशाने पडतात? जुलाब, कावीळ, टायफॉइड, डेंग्यू. यातल्या एकाही दुखण्यावरचा इलाज त्या यादीत दिसत नाही.

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर ही मुंबईला कामाला जाणाऱ्यांची गावे. तिथे एप्रिल २०१५ मध्ये नगर परिषदेची निवडणूक झाली. पुढची २०२० साली व्हायला हवी होती, ती वर्षानुवर्षे रखडली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातल्या कित्येक शहरांची हीच गत झाली. नळ आटला, संडास तुंबला तर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. म्हणून आता दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आधी चार प्रश्न विचारायचे, मताचे नंतर बघायचे.

‘आरोग्य आमच्याकडे येत नाही, ते सरकारचे काम,’ असे उत्तर आले तर ऐकून घेऊ नका. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिने राज्यघटनेत जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा हे सगळे त्यात आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगर परिषद कायद्यातही पाणी, गटारे आणि सफाई ही नगर परिषदेची कर्तव्ये सांगितली आहेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. आपल्या वस्तीत नळाची लाइन गटारातून किंवा गटाराला लागून जाते. पाणी सुटलेले असते तेव्हा पाइपात दाब असतो. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्यांदा तेच येते. पाणी दिवसाआड येत असेल तर आपण पिंप भरून ठेवतो. झाकण नसेल तर आठ-दहा दिवसांत त्यातच डेंग्यूचा डास तयार होतो. म्हणजे जुलाब काय आणि डेंग्यू काय, दोन्हींचे मूळ एकच.

अंबरनाथ-बदलापुरात पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते. त्यामुळे उमेदवार तिकडे बोट दाखवील. त्याला सांगा, पाणी प्राधिकरणाचे असेल, गटार तर नगर परिषदेचे आहे ना? आमच्या गल्लीतली लाइन गटाराबाहेर कधी काढणार? आणि शेवटच्या नळाला क्लोरिनची ओ.टी. चाचणी आठवड्यातून किती वेळा होणार? या चाचणीत पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन हवे. चाचणीची नोंद वस्तीच्या फलकावर लागली पाहिजे, हे कबूल करून घ्या.

दुसरा प्रश्न संडासाचा. स्वच्छ भारत अभियानाच्या नियमाप्रमाणे सामुदायिक शौचालयात २५ बायकांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक सीट हवी. वस्तीत ५०० बाया असतील तर २० सीट. आपल्याकडच्या मोजा. बंद पडलेल्या, कडी तुटलेल्या, दिवा नसलेल्या धरू नका. रात्री जायची भीती वाटते म्हणून आपल्या लेकी-सुना संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. मग जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे. आम्ही गोळ्या देतो, पण दाराला कडी बसल्याशिवाय हे दुखणे परत परत येणारच.

तिसरा प्रश्न दवाखान्याचा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले. त्याच्या निकषाप्रमाणे साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र हवे. आपल्या शहराची लोकसंख्या किती आणि केंद्रे किती, हा हिशेब उमेदवाराला येतो का ते पाहा. घरकाम, नाका, कारखाना करून येणारी बाई संध्याकाळी सातला घरी पोचते. दवाखाना दुपारीच बंद होत असेल तर तिच्यासाठी तो नसल्यासारखाच. संध्याकाळची ओपीडी, डॉक्टरची भरलेली जागा आणि औषधांचा साठा, या तिन्हींचे उत्तर घ्या.

चौथा प्रश्न सफाई कामगारांचा. यातले किती तरी जण आपल्याच घरांतले आहेत. हाताने मैला साफ करायला लावणे आणि साधनांशिवाय गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. पण आपल्याला भरपाई नको, माणूस जिवंत हवा. गटार उपसायला यंत्र येणार का? ठेकेदाराच्या कामगाराला हातमोजे, गमबूट, किमान वेतन आणि ईएसआयसी मिळणार का?

पैसे नाहीत असे सांगितले तर साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजनेचे नाव घ्या. ती आपल्यासारख्या वस्त्यांसाठीच आहे. गेल्या पाच वर्षांत त्यातून आपल्या प्रभागात काय झाले, हे माहिती अधिकारात विचारता येते. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

नुसत्या तोंडी शब्दावर का थांबायचे नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरी आपल्या माणसांना तळ्यावर पाय ठेवता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्यायले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. ठराव होणे वेगळे आणि पाणी ओंजळीत येणे वेगळे. मधल्या वाटेवर जागते राहणे आपले काम आहे.

तेव्हा या आठवड्यात विहारात किंवा समाजमंदिरात बसा. बायकांनी पुढे बसावे, कारण नळावर आणि संडासाच्या रांगेत त्याच असतात. चार प्रश्न एका कागदावर लिहा. वस्तीतले नळ, सीट, फुटके जोड मोजून आकडे भरा. प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला बोलवा. उमेदवार बाई असेल तर उत्तर तिनेच द्यावे, तिच्या नवऱ्याने नाही. प्रत्येक उत्तरापुढे तारीख घाला, सही घ्या आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. निवडून कोणीही येवो, दर तीन महिन्यांनी तोच कागद घेऊन नगर परिषदेत जायचे.

तोवर घरात एवढे करा : नळाचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका, पिण्याचे पाणी उकळून घ्या, पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. जुलाब लागलेल्या मुलाला लगेच ओआरएस सुरू करा. मूल पाणी पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा शौचात रक्त असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा.