विश्लेषण : वाळूचे घड्याळ, लाल मणी आणि बाळाचा श्वास... गडचिरोलीची ही ‘जादू’ चालते कशी?

गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला सिरोंचा. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती आणि या नद्यांपलीकडे तेलंगण व छत्तीसगड. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटरवर. अशा तालुक्यातील एखाद्या जंगलालगतच्या गावात सहा महिन्यांच्या बाळाला खोकला झाला, रात्री धाप लागली, तर ती साधी सर्दी की न्यूमोनिया, हे कोणी आणि कसे ठरवायचे? तिथे क्ष-किरण यंत्र नसते, स्टेथोस्कोप लावणारा डॉक्टरही हाताशी नसतो. या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्यात, चार दशकांपूर्वी सुरू झालेल्या कामातून निघाले. त्यात लागले ते काही मणी आणि एका मिनिटाची वाळू. पाहणाऱ्याला जादू वाटावी अशी ही युक्ती आणि तिच्यासारख्या आणखी काही युक्त्या नेमके काय करतात?

श्वास मोजून न्यूमोनिया कळतो?

बहुतेक वेळा कळतो. न्यूमोनियात फुप्फुसाचा काही भाग सुजून, पाण्याने भरून ताठर होतो. ताठर फुप्फुस नीट फुगत नाही, त्यामुळे बाळाला खोल श्वास घेणे जड जाते. हवा तर पुरवायलाच हवी, मग ते उथळ पण भराभर श्वास घेऊ लागते. सर्दी-खोकल्यात नाक वाहते, घरघर होते, पण श्वासाचा वेग सहसा असा वाढत नाही. पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे निरीक्षण मांडले. क्ष-किरण नसतील तेथे श्वासाचा वेग हाच प्रतिजैविक देण्याचा निकष मानता येईल, असा त्याचा अर्थ होता. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे वयानुसार मर्यादा ठरवल्या. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर तो वेगवान श्वास.

मग अडचण कुठे होती?

मोजण्यात. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावोगावी बाळाजवळ सर्वात आधी पोहोचणारी व्यक्ती होती दाई. बाळंतपणे करून हात तयार झालेला, बाळाच्या अंगाची पारख असलेली, पण शाळेचे तोंड न पाहिलेली. तिला मिनिटाचे पन्नास श्वास मोजायला सांगणे म्हणजे एकाच वेळी चार कामे सांगणे. घड्याळ वाचायचे, पन्नास-साठपर्यंतचे आकडे न चुकता म्हणायचे, बाळाच्या वयाप्रमाणे कोणती मर्यादा लावायची हे लक्षात ठेवायचे आणि हे सारे करताना नजर मात्र वर-खाली होणाऱ्या पोटावरून ढळू द्यायची नाही. शिकलेल्या माणसाचीही यात चूक होते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची पळवाट तान्ह्या बाळात उपयोगाची नाही, कारण त्याचा श्वास मुळातच अनियमित असतो. काही सेकंद ते थांबते, मग भराभर घेते. म्हणून पूर्ण मिनिट मोजावे आणि अगदी लहान बाळात आकडा साठच्या पुढे गेला तर पुन्हा एकदा मोजून पाहावे, असा नियम आहे.

दाईला साक्षर करून मग श्वास मोजायला शिकवायचे, हा एक मार्ग होता. तोपर्यंत किती हिवाळे जातील, हा प्रश्न होता.

युक्ती नेमकी काय?

पहिलीतल्या मुलांची मणी लावलेली पाटी आठवावी. ‘श्वासमापक’ हे तसेच साधन. त्याला एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या बाळासाठी. वाळू उलटी करायची आणि बाळाचे श्वास मोजायला लागायचे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. ओळीच्या शेवटी लाल मणी. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. वाळू आधी संपली, तर नाही.

इतकेच. पण या साधेपणात काय काय दडवले आहे ते पाहण्यासारखे आहे. घड्याळ वाचण्याचे काम वाळूने घेतले. मोठ्या आकड्यांचे काम मण्यांनी घेतले, दाईकडे उरले ते दहापर्यंत मोजणे, जे हाताच्या बोटांवरही होते. पन्नास की साठ हा वयाचा हिशेब ओळीने घेतला. लहान बाळाची मर्यादा दहाने जास्त म्हणून त्या ओळीत एक मणी अधिक. आणि शेवटचे, सर्वात अवघड काम, म्हणजे आलेला आकडा मर्यादेशी ताडून निदान करणे, ते रंगाने घेतले. दाई ‘बावन्न’ असे म्हणतच नाही, तिला ते म्हणावे लागत नाही. ती फक्त लाल मणी आला की नाही एवढे सांगते, आणि ते वैद्यकीय निदान असते. बंग दाम्पत्याने या साधनाविषयीचा लेख १९९२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केला.

‘जुगाड’ हा शब्द अशा गोष्टींना सहज चिकटवला जातो. तो इथे बसत नाही. जुगाडात मूळ वस्तू मिळत नाही म्हणून तात्पुरते काहीतरी जोडून काम भागवलेले असते. इथे मूळ प्रश्नच उलटा केला आहे. माणूस साधनाला पुरा पडत नाही, तर साधन माणसाला पुरे पडेल असे करा.

याने खरोखर जीव वाचतात का?

न्यूमोनियाचे निदान आणि उपचार गावातच केल्याने काय होते, याचे उत्तर आकड्यांत आहे. ‘सर्च’ने निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध द्यायला शिकवले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. वर्षभरात ६१२ मुलांवर उपचार झाले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत, जिथे ही व्यवस्था नव्हती, तिथे ते १३.५ टक्के होते. म्हणजे एकीकडे शंभरात एकाहून कमी, दुसरीकडे शंभरात तेरा-चौदा.

नवजात बाळांसाठी याच वाटेने पुढचे पाऊल टाकले गेले. ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळ तपासू लागल्या, त्याला ऊब देऊ लागल्या आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. गावातील बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, ही कल्पना त्या वेळी अनेकांच्या पचनी पडणारी नव्हती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेच्या ४७ गावांत ५९.६.

सिरोंचापर्यंत यातले काय पोहोचले?

मण्यांचे साधन घरोघरी गेले नाही, पण त्यामागचा विचार आशा सेविकेच्या पिशवीतून गेला. केंद्र सरकारने २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. बाळंतपण घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवशीही. या सर्व फेऱ्यांचे मिळून मानधन ठरले २५० रुपये. पावसाळ्यात नाले ओलांडून सहा वेळा जाण्याचा हा मोबदला होय.

पिशवीत घड्याळ, तापमापी आणि झोळीचा वजनकाटा. काट्यावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा, त्यामुळे ग्रॅम वाचता आले नाहीत तरी बाळ कोणत्या रंगात आहे हे आईलाही दिसते. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजण्याची पट्टीही याच जातीची. घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला की पट्टीवर लाल रंग, म्हणजे अतितीव्र कुपोषण. या पट्टीला वयानुसार वेगळे तक्ते लागत नाहीत, कारण एक ते पाच वर्षांत निरोगी मुलाचा दंड फारसा जाड होत नाही. पोरगे उंच होते, वजन वाढते, दंड मात्र जवळपास तेवढाच. निसर्गातील ही गंमत कोणाच्या तरी लक्षात आली म्हणून पट्टी इतकी सोपी झाली.

सिरोंचासाठी रंगाला आणखी एक मोल आहे. इथल्या घरांत तेलुगू बोलली जाते, गोंडी आणि माडियाही, सरकारी कागद मात्र मराठीत येतो. मराठीत छापलेले माहितीपत्रक अर्ध्या घरात केवळ भिंतीला चिकटवायच्या कामाचे ठरू शकते. लाल रंगाचे भाषांतर करावे लागत नाही.

लसीच्या बाटलीवरचा चौकोन काय सांगतो?

मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. लस मात्र २ ते ८ अंशांत ठेवायची. जिल्ह्याच्या साठ्यातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून उपकेंद्र, तेथून बर्फाच्या डब्यात गाव. वाटेत कुठे तरी डबा उन्हात राहिला, वीज गेली, तर लस निकामी होते आणि निकामी लस दिसायला अगदी चांगल्या लसीसारखीच असते.

त्यावरचा उपाय म्हणजे बाटलीवरचे एक छोटे वर्तुळ आणि त्याच्या आतला फिकट चौकोन. चौकोनातील रसायन उष्णतेने हळूहळू गडद होते आणि थंडाव्यात ठेवले तरी पुन्हा फिकट होत नाही. बाटलीने कारखान्यापासून आजवर एकूण किती ताप सोसला, त्याची ती नोंदवहीच. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस द्यायची. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन अधिक गडद झाला, तर टाकून द्यायची. लस किती नाजूक त्यानुसार रसायनाचा वेग ठरवलेला असतो. ३७ अंशांत काहींचा चौकोन दोन दिवसांत, काहींचा तीस दिवसांत शेवटाला पोहोचतो. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर हे चिन्ह १९९६ मध्ये आले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्या यशात या एवढ्याशा चौकोनाचा वाटा क्वचितच सांगितला जातो.

मात्र हा चौकोन फक्त उष्णता सांगतो, गारठा नाही. पेंटाव्हॅलेंटसारखी लस गोठली तरी वाया जाते आणि बाटलीवर काहीच उमटत नाही. त्यासाठी वेगळी युक्ती. त्याच बनावटीची, त्याच तुकडीची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, मग ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या लसीतील कण गोळा होऊन झपाट्याने तळाशी बसतात. संशयित बाटलीतील गाळही तितक्याच वेगाने बसला, तर तीही गोठून गेलेली. एक बाटली वाया घालवून बाकीच्यांचा निकाल लावायचा.

या युक्त्या कुठे अडतात?

लाल मणी चुकूही शकतो. ताप असेल, बाळ रडत असेल, दमा असेल, तरी श्वास वाढतो. त्यामुळे बाळ शांत असतानाच मोजावे लागते आणि तरीही ज्यांना गरज नाही अशा काही मुलांना प्रतिजैविक जाते. जंतू औषधांना दाद देईनासे होण्याच्या आजच्या काळात ही किंमत लहान नाही. पण जिथे दुसरी तपासणीच नाही, तिथे चार मुलांना जादा औषध देणे की एकाला औषधाविना ठेवणे, यातील निवड शहरातील दवाखान्यात बसून करता येत नाही.

दुसरी अडचण साधनाच्या पलीकडची. देशव्यापी कार्यक्रम करताना गडचिरोलीच्या प्रयोगातील सर्वात धाडसी भाग, म्हणजे इंजेक्शन, आशा सेविकेच्या हाती दिला गेला नाही. पुढे २०१४ मध्ये ते देण्याची मुभा एएनएमला मिळाली. २०१९ पासूनच्या ‘सांस’ मोहिमेत आशा सेविकेने अमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देऊन बाळाला पुढे पाठवावे, असे ठरले. पाठवायचे कुठे, तर सिरोंचाच्या ग्रामीण रुग्णालयात. बाळ अत्यवस्थ असेल तर गडचिरोली किंवा चंद्रपूर. आणि पूल झाल्यापासून अनेक कुटुंबे नदी ओलांडून तेलंगणातील मंचेरियल, वारंगळ गाठतात. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेला पूर आला, तेव्हा तालुक्यातील गावेच्या गावे हलवावी लागली होती. अशा दिवसांत रस्ताच पाण्याखाली असतो. वाळूचे घड्याळ एका मिनिटात निकाल देते. त्यानंतरचे तास गाडी, रस्ता आणि उपकेंद्रात औषध शिल्लक आहे की नाही यावर जातात.